मॉनिटर दुरुस्त करावा की नवा घ्यावा? अक्षरजुळणीच्या टेबलावरच्या नोंदी

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

सकाळी साडेनऊला कामाला बसले. मॉनिटरचं बटण दाबलं, कंपनीचं चिन्ह उमटलं आणि दोन सेकंदांत पडदा काळा. खालचा निळा दिवा मात्र लागलेलाच. बंद करून पुन्हा चालू केला. तेच. उजेड, दोन सेकंद, काळोख. आठव्या की नवव्या खेपेला पडदा टिकला आणि मग संध्याकाळपर्यंत काही कुरबुर केली नाही.

गेले तीन आठवडे सकाळी पहिल्यांदा लावताना तो एकदा लुकलुकायचा. पावसाळ्यात लाईट कमी-जास्त होते, त्यातलंच असेल असं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. आजपासून रोज लिहून ठेवते, म्हणजे निर्णय घेताना नुसत्या आठवणीवर भिस्त राहणार नाही.

मॉनिटरची माहिती: २४ इंची, आयपीएस जातीचं पॅनेल (चित्र दाखवणारा काचेचा भाग), १९२० गुणिले १२०० ठिपके. मागचा उजेड सीसीएफएल नळ्यांचा, म्हणजे एलईडी येण्याआधीच्या बारीक ट्यूबलाईटींचा. जून २०१० मध्ये घेतला. रोज सरासरी १० तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर १४ वर्षांत ४२,००० तास चालला.

हातातलं काम: एक दिवाळी अंक, २०८ पानं, म्हणजे १६ पानी १३ फर्मे (फर्मा म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गट), वर रंगीत मुखपृष्ठ. ३० सप्टेंबरला छपाईला गेलाच पाहिजे. शिवाय एका कादंबरीचं दुसरं प्रूफ.

१३ ऑगस्ट, मंगळवार

दोष मॉनिटरमध्येच आहे का, हे आधी पाहिलं. वायर बदलली, फरक नाही. दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर लावला, फरक नाही. मग संगणकाची वायर पूर्णच काढली. अशा वेळी मॉनिटर स्वतःहून ‘सिग्नल नाही’ अशी पाटी दाखवतो. ती पाटी आली आणि दोन सेकंदांत तीही गेली. म्हणजे संगणक, ग्राफिक्स कार्ड, वायर सगळे सुटले.

रात्री टॉर्चची परीक्षा केली. एलसीडीचं पॅनेल स्वतः प्रकाश देत नाही, मागून आलेला उजेड फक्त अडवतं किंवा सोडतं. मागचा उजेड गेला तरी चित्र जागेवर असू शकतं. खोलीतले दिवे मालवले, पडदा काळा झाल्यावर मोबाईलचा टॉर्च तिरका धरून काचेजवळ नेला. अनुक्रमणिकेचं पान दिसलं! अगदी पुसट, पाण्याखाली ठेवलेल्या कागदासारखं, पण शिरोरेघा ओळखू येत होत्या. माउस हलवला तर बाणही हलला.

हे पाहून जीव भांड्यात पडला. पॅनेल आणि चित्र तयार करणारा बोर्ड ठीक आहे. दोष वीजपुरवठ्यात किंवा मागच्या नळ्यांत. पडद्यावर उभ्या रेषा असत्या, काळा डाग पसरत असता किंवा काच तडकली असती, तर ही नोंदवही आजच मिटली असती. पॅनेल बदलायचं म्हटलं की नव्या मॉनिटरएवढा खर्च येतो.

१४ ऑगस्ट, बुधवार

आज नवव्या खेपेला लागला.

अधिकृत सेवा केंद्राला फोन केला. मॉडेलचा क्रमांक सांगितल्यावर पलीकडच्या मुलाने विचारलं, “मॅडम, वापरताय अजून?” त्यांचं म्हणणं असं: सुट्या भागांचा पुरवठा बंद झालाय. शोधून बोर्डांचा संच मिळाला तर साधारण ६,८०० रुपये, त्यावर हमी नाही, तपासणीचे ५०० वेगळे. बोर्ड उघडून त्यावरचा एखादा भाग बदलून देता का, असं विचारलं. “आम्ही बोर्ड लेव्हलला काम करत नाही.” हे उत्तर मनाला लागलं. त्या मुलाचा दोष नाही, त्याला तसंच शिकवलंय. पण चाळीस रुपयांचा भाग गेला म्हणून पावणेसात हजारांचा संच बदलायचा आणि संच मिळत नाही म्हणून अख्खं यंत्र टाकायचं, ही रीत मला पटत नाही.

केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ च्या जुलैत समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘राईट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे त्याचे चार विभाग. तिथे शोधून पाहिलं. माझ्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका मिळाली नाही. पाऊल योग्य दिशेचं आहे, पण चौदा वर्षांच्या यंत्राला त्याचा आज उपयोग नाही.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

बाजारातल्या किमती काढल्या. नवा २३.८ इंची फुल एचडी ९,५०० पासून पुढे. घरात सगळ्यांचं मत “घेऊन टाक, दिवाळीचं काम आहे”. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग टेप घेऊन बसले.

माझ्या पडद्याची उघडी जागा: रुंदी ५१.७ सेंटीमीटर, उंची ३२.३. अंक ए-फोर आकाराचा. समोरासमोरची दोन पानं म्हणजे ४२ गुणिले २९.७. ही जोडी माझ्या पडद्यावर खऱ्या मापात, एकास एक बसते आणि वर-खाली मिळून अडीच सेंटीमीटर पट्टी उरते, त्यात प्रोग्रामची साधनं मावतात. चौदा वर्षं मी पान असंच पाहत आले आहे. छापून आल्यावर हातात धरल्यावर जेवढं दिसेल तेवढं. १० पॉइंटचा मजकूर डोळ्यांना जड जातोय का, समासात जीव आहे का, चित्राखालची ओळ फार चिकटली का, हे लहान-मोठं करून बघताना कळत नाही. खऱ्या मापात कळतं.

२३.८ इंची, सोळास नऊ प्रमाणाचा पडदा: रुंदी ५२.७, उंची २९.६. पान २९.७ चं! साधनांची पट्टी पूर्ण लपवली तरी एक मिलिमीटर कमी. इंच जवळपास तेवढेच, किंमत आटोपशीर, पण पान मावत नाही. सोळास दहा प्रमाणाचे मॉनिटर आजही मिळतात, पण १७,००० च्या पुढे.

म्हणजे माझ्यासाठी तुलना ९,५०० शी नाही, १७,००० शी. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तर नवा घ्यावा असं म्हणतात. पण नवा म्हणजे कोणता, हे आधी ठरवायला हवं.

दुसऱ्या बाजूचंही लिहून ठेवते. शेजारून वॉट मोजायचं यंत्र आणून लावलं. जुना मॉनिटर ७८ वॉट खातो. नव्याच्या माहितीपत्रकात १९ वॉट. फरक ५९ वॉट. रोज १० तास आणि ३०० दिवस म्हणजे १७७ युनिट. आमच्या बिलात सगळे आकार धरून युनिट साधारण १२ रुपयांना पडतं, म्हणजे वर्षाला २,१०० च्या वर. ही रक्कम नजरेआड करून चालणार नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

काका आले. वय सत्तरीच्या पुढे. सिंहगडावरून पुण्यात दूरदर्शनचं प्रक्षेपण दिसू लागलं त्या काळापासून टीव्ही दुरुस्त करणारा हा माणूस. आता दुकान बंद केलंय, पण हत्यारांची पेटी अजून तयार असते.

त्यांनी आधी प्लग काढायला लावला आणि चहा मागवला. “अगं, दहा मिनिटं थांब. घाई कसली?” मग म्हणाले, “२३० व्होल्ट आत आले की डीसी होऊन सव्वातीनशे होतात. ते मोठ्या कॅपेसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीत, बसून राहतात, प्लग काढल्यावरसुद्धा. आणि नळ्यांच्या बाजूला तर सुरुवातीला हजार व्होल्टच्या वर जातं. माहीत नसेल त्याने हात घालू नये.” हे वाक्य माझ्या वहीत ठळक केलंय. या नोंदी वाचून कुणी एकट्याने मॉनिटर उघडू नये.

स्टँडचे चार स्क्रू काढले. पुढच्या चौकटीला स्क्रू नसतातच, सगळ्या खाचा. जुनं प्लास्टिकचं कार्ड कडेने सरकवत गेलो, दर चार बोटांवर ‘टक्’ असा आवाज. वरच्या डाव्या कोपऱ्यातली एक खाच तुटली. आत पत्र्याचा डबा, त्याखाली वीजपुरवठ्याचा बोर्ड. चौदा वर्षांची धूळ राखाडी लोकरीसारखी बसलेली.

काकांनी जुन्या ६० वॉटच्या बल्बला दोन वायरी जोडून आणल्या होत्या. त्यांची टोकं मोठ्या कॅपेसिटरच्या दोन पायांना लावली. बल्ब क्षणभर तांबूस झाला आणि विझला. “हं, आता लाव हात.” मीटरवर आकडा शून्याजवळ आल्यावर मगच बोर्ड बाहेर काढला.

दोष शोधावा लागलाच नाही. अॅल्युमिनियमच्या उष्णता-पट्टीला खेटून तीन कॅपेसिटर उभे होते, १,००० मायक्रोफॅरड (वीज साठवण्याच्या क्षमतेचं माप), २५ व्होल्टचे. चांगल्या कॅपेसिटरचं डोकं सपाट असतं, त्यावर फुलीसारखी खाच. यांतल्या दोघांची डोकी पुरी फुगावी तशी वर आलेली, एकाच्या खाचेतून तपकिरी खपली बाहेर आलेली. तिसरा दिसायला बरा होता. काकांनी त्यालाही काढायला लावलं. साध्या मीटरवर त्याने १,००० च्या जागी ८७० दाखवले, म्हणजे ठीकच म्हणायचं. मग त्यांनी पेटीतून ईएसआर, म्हणजे कॅपेसिटरचा अंतर्गत रोध, मोजणारा मीटर काढला. अंतर्गत रोध २.४ ओहम. नव्यात तो एका ओहमचा काही शतांश असतो.

“टाकीत पाणी आहे, पण तोटी चोंदलीये,” काका म्हणाले. नळ्या पेटताना एकदम मोठा विद्युतप्रवाह लागतो. तोटी चोंदलेली, म्हणून तेवढा मिळत नाही. व्होल्टेज खाली बसतं, नळ्या चालवणाऱ्या भागाला वाटतं काहीतरी बिघडलं आणि तो स्वतःला बंद करून घेतो. तेच ते दोन सेकंद. आठ-नऊ वेळा चालू-बंद केल्यावर कॅपेसिटर थोडा तापतो, रोध कमी होतो आणि गाडी निघते. तीन आठवडे जे कोडं होतं ते असं उलगडलं. मला फार समाधान वाटलं.

कॅपेसिटरमधला द्रव उष्णतेने सुकत जातो. ढोबळ हिशोब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. ज्याने हा बोर्ड आखला त्याने नेमके हेच तीन गरम पट्टीला चिकटवून ठेवले. दोन सेंटीमीटर लांब ठेवले असते तर आज आम्ही इथे बसलो नसतो.

जाताना काका म्हणाले, “कॅपेसिटर सापडले म्हणून नळ्या बऱ्या आहेत असं धरू नकोस. नळी थकली तरी असंच होतं.”

२० ऑगस्ट, मंगळवार

काल राखीला दादा आणि भाचा आले होते. भाच्याने टेबलावर सुटे पडलेले भाग पाहिले आणि आज स्वतःहून बरोबर आला. पुण्यातली बुधवार पेठ, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली. पावसाची भुरभुर, गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, दोन्हीकडे वायरींची भेंडोळी आणि एलईडीच्या माळा.

तीन दुकानांत विचारलं. पहिल्या दोघांकडे ८५ अंशांपर्यंतची उष्णता सोसणारे कॅपेसिटर होते. आम्हाला १०५ अंशांचे आणि कमी ईएसआरचेच हवे होते. तिसऱ्या दुकानदाराने न बोलता लाकडी खण ओढला. २५ व्होल्टचे कमी, ३५ व्होल्टचे भरपूर. काकांचा नियम: मायक्रोफॅरड तेवढेच ठेव, व्होल्ट जास्त चालतील, कमी नाही. पण मी नेलेला जुना कॅपेसिटर शेजारी धरला तर ३५ व्होल्टचा जाडीला जास्त, दोघांच्या मधल्या जागेत बसणार नाही. २५ व्होल्टचेच घेतले. १,००० चे तीन, प्रत्येकी १५ रुपये. ४७० चे दोन, प्रत्येकी १० रुपये. सुरुवातीचा धक्का देणारा छोटा ४७ मायक्रोफॅरडचा एक, ५ रुपये. सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळी ६० रुपये. एकूण १३०.

भाचा म्हणाला, “आत्या, पार्किंगला आपण वीस दिले.”

२१ ऑगस्ट, बुधवार

सोल्डरिंग काकांनी मला करायला लावलं. हात धरून दोन टाके दाखवले, मग बाजूला बसले. २५ वॉटचं आयर्न. जुने पाय काढताना तांब्याची पट्टी उखडू नये म्हणून आधी जुन्या टाक्यावर थोडं नवं सोल्डर द्यायचं, ते वितळलं की जाळीने सगळं एकत्र उचलायचं. उलटं वाटतं, पण तसंच निघतं. चांगला टाका चकचकीत दिसतो, पायाकडे उतार असलेला. मंद आणि दाणेदार दिसला तर ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा टाका, पुन्हा करायचा. माझे दोन पुन्हा करावे लागले.

उणे बाजू सांभाळायची. कॅपेसिटरच्या अंगावर पट्टा असतो ती उणे. बोर्डावरची खूण प्रत्येक कंपनीची सारखी नसते, म्हणून काढण्याआधी फोटो घेतले होते, ते कामी आले.

जोडून संध्याकाळी ६.४० ला लावला. दोन सेकंद. तीन. पाच. पडदा तेवत राहिला! आई देवाजवळ दिवा लावत होती, तिथूनच तिने विचारलं, “लागला का गं?” मी काही बोललेच नाही. अनुक्रमणिकेचं तेच पान समोर, या वेळी टॉर्चशिवाय.

२२ ते ३१ ऑगस्ट

रोज पहिल्या खेपेला लागतो. पाच फर्मे लावून झाले. नोंद करण्यासारखं काही नाही, आणि तेच हवं होतं.

२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी लावल्यावर पडद्याच्या खालच्या कडेला गुलाबी झाक. चार बोटं उंच, डावीकडून उजवीकडे. दहा मिनिटांत ओसरली. परवाही होती का? बहुतेक होती, मी मजकुरात होते म्हणून दिसली नाही.

काकांना फोन केला. एकच वाक्य: “खालची नळी थकलीये.”

३ सप्टेंबर, मंगळवार

खरं दुखणं आज कळलं, आणि ते मुखपृष्ठावरून.

चित्रकाराने झेंडूच्या रंगाची भरगच्च पार्श्वभूमी दिली आहे. माझ्या पडद्यावर ती फार गडद वाटली म्हणून मी गेल्या आठवड्यात पिवळा थोडा कमी केला होता. आज छापखान्यातून रंगीत प्रूफ आलं. झेंडू कुठेच नाही, नुसता फिकट रंग. चित्रकाराचा मूळ कागद शेजारी ठेवला तेव्हा चूक माझ्या बाजूची आहे हे स्वच्छ दिसलं.

छापखान्यातल्या रंगतपासनीसांनी त्यांचं मोजणीयंत्र संध्याकाळपुरतं दिलं. अर्धा तास मॉनिटर तापू दिला, मग मोजलं. उजेड पूर्ण ठेवूनही दर चौरस मीटरला १३६ कॅन्डेला (उजेडाचं माप). माझ्याकडे २०१० चं माहितीपत्रक जपून ठेवलेलं आहे, त्यात ३७० लिहिलंय. आणि पांढरा रंग पिवळ्याकडे झुकलेला. पडदाच पिवळसर, म्हणून मला चित्र जास्त पिवळं दिसत होतं, म्हणून मी पिवळा काढून टाकला.

अशा नळ्यांचं आयुष्य साधारण ३० ते ५० हजार तास धरतात, म्हणजे तेवढ्या काळात उजेड निम्म्यावर येतो. माझे ४२ हजार. हा बिघाड नाही, हे वय आहे. हळूहळू झालं म्हणून डोळ्यांना कळलं नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत रंगीत कामात जे थोडं थोडं फसत होतं त्याचं खापर मी कागदावर फोडत आले, त्याचं आज वाईट वाटतं. एका कवयित्रीच्या संग्रहाचं मुखपृष्ठ तिने मान्य केलं, पण तिचा चेहरा पडला होता. ते मी विसरलेले नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

नळ्यांच्या जागी एलईडीच्या पट्ट्या बसवायचा संच मिळतो. तपकीर गल्लीत विचारून आले, ७५० रुपये. वीजही वाचेल. मला करून पाहायची फार इच्छा होती, काकांचीही तयारी होती, तरी त्यांनीच थांबवलं.

कारणं खरी आहेत. कॅपेसिटर पत्र्याच्या डब्यात होते, तिथे पॅनेलला हात लागत नव्हता. नळ्या पॅनेलच्या आत आहेत. काच, मग उजेड पसरवणारे पातळ थर, मग जाड पारदर्शक फळी, तिच्या कडेला नळ्या. हे सगळं घरच्या हवेत सोडवलं की धुळीचा एक कण आत जातोच, आणि तो कण पडद्यावर कायमचा अनुस्वार होऊन बसतो. माझ्या कामात, जिथे टिंबासाठी दिवस घालवते, तिथे खोटं टिंब चालणार नाही. दुसरं, नळ्या जुन्या. त्या फुटल्या तर आतला पारा खोलीत. तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं: हे पॅनेल नळ्यांच्या उजेडाला धरून बनवलेलं आहे. स्वस्त एलईडीचा उजेड वेगळा, निळसर. पडदा लख्ख होईल, पण झेंडू परत येईलच असं नाही. आणि मला झेंडूच हवा आहे.

६ सप्टेंबर, शुक्रवार

निर्णय.

महिनाभर मी एकच प्रश्न धरून बसले होते, दुरुस्त की नवा. पण मॉनिटरला दोन वेगळी दुखणी होती. वीजपुरवठ्याचं दुखणं १३० रुपयांत बरं झालं, आणि तेवढा खर्च कुठल्याही हिशोबात योग्यच होता. नळ्यांचं म्हातारपण बरं होणार नाही. कामही दोन प्रकारचं आहे. मजकूर लावायला काळ्या-पांढऱ्यातला फरक नीट दिसला की पुरे, त्यात हा मॉनिटर आजही चोख आहे. रंग जुळवायला मात्र त्याच्यावर विसंबता येत नाही.

रंगासाठी नवा घ्यायचा, तोही सोळास दहाच, १७,८०० रुपयांचा, तीन वर्षांच्या हमीचा. जुना टाकायचा नाही. मात्र त्याचे ७८ वॉट रोज दहा तास जाळायचे नाहीत, प्रुफं तपासायच्या वेळेपुरता लावायचा. वापरलेला सोळास दहा ५,००० ला मिळत होता, तोही नळ्यांचाच, २०११ चा. नको. माझंच दुखणं दुसऱ्याकडून विकत घेतल्यासारखं झालं असतं.

आई म्हणाली, “उद्या गणपती बसतायत, आजच मागव.” मागवला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

नवा आला. पेटी उघडताच आधी टेप लावली. उंची ३२.३. ए-फोरची जोडी मापात बसली. छापखान्यातलं यंत्र पुन्हा आणून पांढरा रंग जुळवून घेतला, उजेड १२० वर ठेवला. भाचा म्हणाला, “एवढा कमी का? याला तीनशे झेपतो.” छापलेल्या कागदाशी शेजारी तुलना करायची तर पडदा कागदाइतकाच उजळ हवा, दिव्यासारखा नको.

मुखपृष्ठ उघडलं. मी केलेला बदल मागे घेतला, चित्रकाराचे मूळ आकडे ठेवले.

जुना मॉनिटर डाव्या हाताला, स्टँडवर आडव्याचा उभा करून ठेवलाय. हस्तलिखिताचं स्कॅन त्यावर, पान नव्यावर.

२१ सप्टेंबर, शनिवार

दुसरं रंगीत प्रूफ. झेंडू आला. चित्रकाराने कागद खिडकीशी नेऊन पाहिला आणि परत टेबलावर ठेवून फक्त “हां” म्हणाले.

३० सप्टेंबर, सोमवार

तेरावा फर्मा दुपारी तीनला गेला.

जुन्या मॉनिटरची आजची नोंद: पहिल्या खेपेला लागला, गुलाबी झाक बारा मिनिटं. २ तारखेला दहा होती. झाक अर्ध्या तासाच्या वर गेली किंवा पुन्हा दोन सेकंदांचा खेळ सुरू झाला, की तो नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्यायचा, भंगारवाल्याकडे नाही, नळ्यांत पारा आहे. तोवर दर महिन्याच्या १ तारखेला मिनिटं मोजायची. घड्याळ त्याच्या शेजारीच ठेवलंय.

काढलेले सहा कॅपेसिटर काकांनी मागून घेतले. त्यांच्या सोसायटीतली दोन मुलं रविवारी सोल्डरिंग शिकायला येतात, त्यांना दाखवायला. फुगलेले दोन वेगळ्या डबीत.